माळ्यावरचा पितळी डबा : कामाची वही

6 एप्रिल 2025, रविवार

बंदूक घरी आली. बाबा गेले ऑगस्टमध्ये. परवानाधारक वारला की वारसाने हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं, तसं केलं होतं. मग अर्ज, चौकशी, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला फेऱ्या, आणि मार्चअखेर परवाना माझ्या नावावर. शेतीसंरक्षणाचा, एकनळी ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक, एक नग. केलडी (माकडं) आणि डुकरं यांना परवाना बदलल्याचं कळवायचं राहिलंय, त्यामुळे त्यांचं येणं-जाणं चालूच आहे.

या वहीत उन्हाळ्याचं काम लिहायचं. दोन कामं ठरवली आहेत. पहिलं, बंदूक साफ करून नळीला गंज किती ते बघणे. दुसरं जास्त मजेचं. आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती, ती कधीच विकली, पण तिची पितळी काडतुसं माळ्यावर असल्याचं आई सांगते. पितळी टोपणं, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, पुन्हा पुन्हा भरता येतात. कुडाळ एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे, शंभरातला एक भाग मिलिमीटर राखून काम करतो. काडतूस भरायचा छोटा प्रेस लेथवर दोन दिवसांत होईल. उगाच प्रत्येक वेळी काडतुसांसाठी दुकानात कशाला जायचं?

(हा परिच्छेद खोडत नाही. पुढे कामाला येईल.)

7 एप्रिल

शेजारचे आबा संध्याकाळी पानाची पिशवी घेऊन आले. बंदूक खळ्यात बाकावर ठेवली होती. त्यांनी लांबूनच विचारलं, "रिकामी आसा ना?"

म्हटलं, आठ महिने पोलिसांकडे होती, रिकामी नसेल तर काय?

"पयलो गज घाल. मगे बाकीची मिजास."

ठासणीच्या बंदुकीत बार (ठासलेली दारू आणि छरे) आहे की नाही हे बघून कळत नाही, ती मोडून उघडत नाही. कळण्याचा रस्ता एकच. तोंड माणसांपासून दूर, नळीच्या बुडाशी असलेल्या निपलवर केप (ठोकली की ठिणगी देणारी छोटी टोपी) नाही याची खात्री, आणि बाजूला उभं राहून गज, म्हणजे ठासायची सळई, हळूच तळापर्यंत सोडायचा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा, खूण तोंडाशी धरून. गजाचं टोक निपलच्या बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी.

पोचलं नाही. चार बोटं अलीकडे थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा चार बोटं. हाताला लागलं तेही धातूवर आपटल्यासारखं नव्हतं, नारळाच्या सोडणावर टेकल्यासारखं मऊ होतं.

बाबांनी डुकरांसाठी भरून ठेवलेली असणार, त्यांना दवाखान्यात नेलं त्या आठवड्यात. तशीच मी ठाण्यात नेऊन दिली. तिथे जमा करून घेणाऱ्याने गज घातला नाही, आणि देतानाही कोणी घातला नाही. खरं तर आधी मी घालायला हवा होता. स्कूटरच्या पायदानावर उभी धरून, तोंड माझ्या हनुवटीखाली, असा मी ती सात किलोमीटर नेली होती.

आबा काही बोलले नाहीत. पानाची पिशवी गुंडाळली आणि गेले.

12 एप्रिल

दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "केप काढलीत?" दुसरा, "पाणी घातलंत?" तशीच भरलेली घेऊन यायची नाही, म्हणाले. निपलच्या भोकातून सिरिंजने पाणी सोडा, रात्रभर ठेवा, मग आणा. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो आणि दारू मरते. मरते म्हणजे ओली असेपर्यंत. वाळली की थोडीफार पेटू शकते, म्हणून भिजवलं की लगेच काढायची.

तसं करून नेली. त्यांनी निपल उलगडलं, पुन्हा पाणी. मग गजाच्या टोकाला बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा पेच लावून बोळा ओढला. काथ्याचा होता, बाबांनी हाताने वळलेला, अगदी घट्ट. मग छरे ताटलीत. मग खालचा बोळा. मग काळा चिखल.

चिखल त्यांनी पांढऱ्या बशीत घेतला, वर पाणी ओतलं आणि बोटाने ढवळला. काळा भाग पसरला आणि पाणी शाईसारखं झालं. बशीच्या तळाशी मात्र करड्या-हिरव्या बारीक टिकल्या राहिल्या, तिळाच्या अर्ध्या आकाराच्या, चपट्या. कितीही ढवळलं तरी विरघळेनात.

"ही दारू ह्या बंदुकीची न्हय," ते म्हणाले.

बिनधुराची दारू. काडतुसातली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने 1884 मध्ये काढली ती जात. तिचं मूळ नायट्रोसेल्युलोज, ते पाण्याला भीक घालत नाही. काळी दारू कोंडली काय, मोकळी ठेवली काय, तिच्या जळण्याला एक मर्यादा असते. बिनधुराची दारू कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, म्हणून दाब आणखी वाढतो. काळ्या दारूसाठी केलेल्या नळीत काळ्या दारूचंच माप धरून ती भरली तर नळी निपलजवळ फुटते. म्हणजे डाव्या हाताच्या आणि डोळ्याच्या मधे.

बाबांनी दोन्ही मिसळून भरली होती.

20 एप्रिल

माळा. आईने खालून बॅटरी धरली.

पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या खाली: पितळी काडतुसं एकोणीस, त्यातली अकरा भरलेली, तोंडं मेणाने बंद. लाल कागदी काडतुसं पाच, फुगलेली, तळाच्या पितळेवर हिरवा गंज. केपांची एक पत्र्याची डबी, आणि काचेच्या बरणीत सुट्या केपा, तळाशी चिकटलेल्या. शिशाच्या छऱ्यांची पुडी. आणि पितळी डबा, फिरकीच्या झाकणाचा, पूर्वी आजीचा तुपाचा होता तो. त्यावर वहीच्या कागदाची चिठ्ठी, बाबांचं वळणदार अक्षर: "दारू – चांगली".

झाकण उघडायला हात गेला होता. आट्यांत दारूची भुकटी बसली असेल तर फिरवताना ती चिरडते. हे मला त्या क्षणी सुचलं ते लेथवाला असल्यामुळे, बंदूकवाला असल्यामुळे नाही. हात मागे घेतला. सगळं जिथे होतं तिथेच ठेवून खाली आलो. आईला सांगितलं, माळ्याखालच्या खोलीत निरांजन, उदबत्ती काही नको. तिने देव्हारा स्वयंपाकघरात हलवला. दोन दिवस घरात देवाला जागा बदलल्याची चर्चा जास्त आणि दारूची कमी.

ट्रंकेत बाबांची छोटी वहीही होती. नारळाच्या पाडपाचा हिशोब, आणि मधल्या पानावर बाराची मापं: "काळी – एक बूच सपाट. काडतुसातली जोरदार, मिसळून पुरवावी." पुरवावी! काळी दारू मिळेना झाली तेव्हा जुनी कागदी काडतुसं कापून त्यांतली दारू यात घातली. मोजमाप मात्र बुचानेच, काळीसाठी ठरवलेल्या. नारळ मोजताना एक इकडेतिकडे न होऊ देणारा माणूस.

21 एप्रिल

ताईचे यजमान टेक्सासात असतात. तिथे घरी काडतुसं भरणं कायदेशीर छंद आहे, ते वीस वर्षं करतात. भाऊजींना व्हिडिओ कॉल केला आणि वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. एवढा बोलका माणूस, पण मिनिटभर नुसता बघत राहिला.

मग तास-दीड तास बोलले. मला हवं होतं प्रेसचं ड्रॉइंग. त्यांनी प्रेसचा विषय दोन वाक्यांत संपवला. "प्रेस चुकत नाही रे. प्रेस तू माझ्यापेक्षा चांगला करशील. चुकतं ते बाकावर आणि डोक्यात."

जे लिहून घेतलं ते इथे उतरवतो, क्रम त्यांचाच.

बाकावर एका वेळी एकच दारू, तीही तिच्या मूळ डब्यात. काम संपलं की मापयंत्राच्या भांड्यात उरलेली दारू तेव्हाच डब्यात परत. दुसऱ्या दिवशी भांड्यात दिसलेली दारू कोणती हे आठवणीवर ठरवायचं नाही, टाकून द्यायची. डोळ्यांनी दारू ओळखता येते असं म्हणणाऱ्याच्या शेजारी ते नेमबाजीच्या रेंजवर उभे राहत नाहीत.

डबा. मूळ डबे मुद्दाम कमकुवत करतात, आग लागली तर झाकण पटकन उडावं आणि दारू नुसती भुरकन जळून जावी म्हणून. आजीचा आट्यांचा पितळी डबा याच्या बरोब्बर उलट. तो बॉम्बच.

वजन. त्यांच्या पुस्तकांत सगळं ग्रेनमध्ये असतं. 7000 ग्रेनचा एक पौंड, एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. इलेक्ट्रॉनिक काट्याचं बटण चुकून दाबलं गेलं आणि एकक बदललं तर आकडा तसाच दिसतो, दारू पंधरापट. म्हणून रोज सुरुवातीला तपासणीचं वजन ठेवून काटा बघायचा. पंखा बंद, वाऱ्याने काटा हलतो. (आमच्याकडे मे महिन्यात पंखा बंद करून कोण बसणार, हा वेगळा प्रश्न.) मी त्यांना सांगितलं की आजोबांचा तोळा बरोबर 180 ग्रेनचा, म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. हे त्यांना माहीत नव्हतं, खूश झाले.

पुस्तकातला कमाल आकडा ही सुरुवात नव्हे. दहा टक्के खालून सुरू करायचं आणि एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीला टोपणाचा तळ बघत. आणि टोपण, केप, बोळा, छरे यातलं काहीही बदललं की पुन्हा खालून. "तसाच बोळा आहे, फक्त कंपनी दुसरी" हे चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी दोन चुकांवर घेतला. दोनदा भरणं आणि न भरणं. दोनदा भरलं तर त्याच बाराला कळतं. न भरलं तर पुढच्या. नुसती केप उडते, फुस्स आवाज होतो, गोळी किंवा बोळा नळीत अर्ध्यावर अडकतो. माणूस म्हणतो फुसका गेला, आणि दुसरं काडतूस घालतो. आवाज नेहमीसारखा आला नाही, धक्का कमी बसला, की थांबायचं. तोंड समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी बार उशिराही होतो. मग रिकामी करून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं.

केपा कधीही बरणीत सुट्या ठेवायच्या नाहीत. एक उडाली की सगळ्या. त्यांच्या खाचांच्या पेटीतच असू द्यायच्या. आणि तेलात टाकल्या की मरतात ही समजूत खोटी, तेलातून काढलेल्या केपा उडाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

एक गंमत. त्यांनी केपेच्या दोन जाती दाखवल्या. एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश, हायरम बर्डन अमेरिकन. बॉक्सरची अमेरिकेने उचलली, बर्डनची युरोपने. बॉक्सरच्या टोपणात तळाला मधे एक भोक, बर्डनच्यात दोन. बॉक्सरची केप काढायची सळई बर्डनच्या टोपणात घातली की सळई मोडते, आणि केप जिवंत असेल तर त्याहून वाईट. आमची पितळी टोपणं कोणती हे बघायला ते उत्सुक होते. म्हटलं, माळ्यावरून हलवणार नाही.

26 एप्रिल

कायदा वाचला. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 3 हत्यार आणि दारूगोळा बाळगण्याचं, कलम 5 तो तयार करण्या-विकण्याचं. दोन्हींना वेगवेगळे परवाने. माझ्याकडे पहिला आहे, तोही ठासणीच्या एका बंदुकीपुरता. माळ्यावरची बारा बोअरची काडतुसं बाळगायचा अधिकारही मला नाही, ती भरायचा कुठून असणार?

प्रेसचं काम रद्द. त्यासाठी धातूचा तुकडा कापून ठेवला होता, त्याचं गिऱ्हाइकाच्या पंपाचं बुश होईल.

दारूगोळा मिळतच नाही असंही नाही. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची (1869 पासून चालू आहे) बारा बोअरची शक्तिमान काडतुसं परवानाधारक दुकानात मिळतात. पण ती ज्याच्या परवान्यावर बारा बोअर आहे त्याला. आमचं केलडीचं भांडण ठासणीवरच मिटवायचं.

28 एप्रिल

ठाण्यात फोन केला. लेखी अर्ज द्या म्हणाले. "अंदाजे किती दारू?" या प्रश्नाला मी "आजीच्या तुपाच्या डब्याएवढी" असं उत्तर दिलं ते त्यांनी तसंच लिहून घेतलं असावं.

4 मे, रविवार

मनातून एक गोष्ट जात नव्हती. बाबा हलगर्जी नव्हते. मी पण नाही. दोनदा भरणं, न भरणं माझ्या हातून होईल? मी रोज शंभरातला एक भाग मिलिमीटर राखून काम करणारा माणूस, माझा विश्वास बसत नव्हता.

तेव्हा नाचणी घेऊन प्रयोग केला. पीव्हीसीच्या पाइपाचे पन्नास तुकडे कापले, एका बाजूने बंद, लाकडी ठोकळ्याला पन्नास भोकं पाडून त्यात उभे केले. चमचा म्हणून औषधाचं माप. एक माप घातलं की नळीचा तिसरा हिस्सा भरेल असं निवडलं. नियम: घातलं की पुढे, मागे वळून बघायचं नाही. लेकीला सांगितलं, मधे मधे काहीही विचार.

पहिल्या फेरीत ती फक्त दोनदा बोलली. सतराव्याला वर्कशॉपमधून फोन आला, तो घेतला. अडतिसाव्याच्या आसपास लाइट गेली, ती पाच मिनिटांनी आली. तेवढ्यात आईने मेणबत्ती पेटवून आणली आणि माझ्या कोपराशी ठेवली! दारू असती तर, हे दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं.

नंतर बॅटरीने एकेक नळी बघितली. दोन रिकाम्या, एकीत दुप्पट. दुप्पट होती ती अठरावी, फोनच्या लगेच नंतरची. पन्नासांत तीन, आणि मला यातली एकही जाणवली नव्हती. घालताना बोटांना खात्री होती.

दुसरी फेरी भाऊजींच्या पद्धतीने. रिकाम्या नळ्या उपड्या ठेवायच्या, भरली तीच सुलटी. व्यत्यय आला की हातातली नळी ओतून तीच पुन्हा. शेवटी ठोकळा तिरका धरून बॅटरी आडवी मारायची, म्हणजे पातळीतला फरक सावलीने दिसतो. सगळ्या बरोबर. मग मुद्दाम एकीत दुप्पट घातली: सावलीत ती लगेच उठून दिसली. आणि माप मोठं घेतलं, अर्ध्याहून जास्त भरेल असं, तर दुसरं माप ओतताना नाचणी सांडतेच, चूक आपोआप कळते. भाऊजी म्हणाले, म्हणूनच ते शक्य असेल तिथे फुगीर दारू निवडतात.

नाचणीची भाकरी झाली. लेकीने विचारलं, यातली दुप्पट भरलेली कोणती.

14 मे

7 मेच्या देशभरच्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या गडबडीत आमचा अर्ज मागे पडला होता. आज बॉम्बशोधक पथक आलं. चार जण, एक कुत्रा. कुत्र्याला माळ्यावर चढवायचा प्रश्न आला तेव्हा आबांनी स्वतःची शिडी आणून दिली, पण कुत्रा खालीच राहिला आणि आईच्या पायाशी झोपला.

त्यांनी डबा आधी ओल्या फडक्यात गुंडाळला. झाकण फिरवलं नाही. बरणीला कोणी हात लावला नाही तोवर त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने ती किती वेळ नुसती वाकून बघितली. शेवटी काचेसकट वाळूच्या बादलीत. पंचनामा झाला, नग मोजले: पितळी एकोणीस, कागदी पाच. रिकाम्या आठातलं एक आजोबांची आठवण म्हणून ठेवता येईल का असं विचारलं. नाही म्हणाले. मागून वाईट वाटलं नाही.

वयस्कर माणसाने जाताना सांगितलं की फुगलेल्या कागदी काडतुसांना आंबट वास येत होता. जुनी बिनधुराची दारू कुजते, तिच्यातून आम्ल निघतं, आणि साचलेल्या उष्णतेने कधीतरी ती स्वतःच पेटते. आमच्या माळ्यावर, कौलांखाली, एप्रिल-मे. तिथे वर हात लावला तर कौल चटका देतं.

शिशाची पुडी मात्र त्यांना नको होती. ती मी पिशवीत बांधून वेगळी ठेवली, साबणाने हात धुतले. लहानपणी याच छऱ्यांनी आम्ही गोट्यांसारखे खेळायचो, दातात धरूनसुद्धा.

21 मे

अवेळी पाऊस. हवा ओली झाली तशी बंदूक काढली. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि इथल्या हवेत एका रात्रीत नळी तांबडी होते. कारागिराने सांगितल्याप्रमाणे गरम पाणी आणि साबण, तेल नंतर. निपलचं भोक सुईने मोकळं. तिसऱ्या फडक्यालाही काळं आलं, पाचव्याला नाही. नळीत तळापासून एक वीत वर एक खड्डा आहे, नखाला लागतो. कारागिराला दाखवेपर्यंत बार नाही.

गजावर कायमची खूण कोरली, लेथवर, भोवताली एक बारीक गोल खाच. रिकाम्या नळीत गज सोडला की ती बरोबर तोंडाशी येते. एवढंच लेथकाम या प्रकल्पात झालं.

25 मे, रविवार

मान्सून आज देवगडपर्यंत आल्याचं बातम्यांत सांगितलं. इतक्या लवकर! भाताचं बी अजून आणायचंय.

आबा आले. बंदूक भिंतीला, केप वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला. आबांनी स्वतःच गज उचलला, आत सोडला, खाच तोंडाशी आली का ते वाकून बघितलं, मग बाकावर बसले आणि पानाची पिशवी उघडली.

"चुनो आसा?" त्यांनी विचारलं.

आईने चुन्याची डबी आणली. तिच्यावर चिठ्ठी लावलेली होती: "चुना".

लेकीचं अक्षर. मीठ, हळद, रवा, सगळ्या डब्यांना लावल्या आहेत.